नव्या खाऱ्या टाकीत काय मोजायचं, कधी मोजायचं

शिकागोचं शेड मत्स्यालय १९३० साली लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा त्याच्या टाक्या भरायला जवळपास कुठेच समुद्र नव्हता. म्हणून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला असलेल्या की वेस्टहून रेल्वेच्या टँकर-वाघिणींनी खेपांवर खेपा करून सुमारे दहा लाख गॅलन समुद्राचं पाणी आणण्यात आलं. आज असा खटाटोप कुणाला करावा लागत नाही. सोलापुरात किंवा नागपुरात बसूनही, कृत्रिम सागरी मिठाची एक बादली आणि शुद्ध पाणी एवढ्यावर दुपारभरात समुद्राशी मिळतंजुळतं पाणी तयार होतं.

हे जमतं ते एका जुन्या शोधामुळे. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून समुद्राचं पाणी गोळा केलं. त्यातल्या ७७ नमुन्यांचं विश्लेषण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केलं आणि १८८४ साली निष्कर्ष मांडले. महासागर कुठलाही असो, एकूण क्षार कमीजास्त होतात, पण सोडियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांचं एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच राहतं. प्रमाण ठरलेलं आहे म्हटल्यावर ते पिशवीतही भरता येतं, आणि एक गोष्ट मोजली की बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो.

मात्र त्या पिशवीत जिवाणू नसतात. माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, मेलेली शेवाळं यांतून निघणारं विष पचवणारे जिवाणू टाकीत यायला आणि वाढायला काही आठवडे लागतात. तोवर पाणी दिसायला स्वच्छ असतं आणि माशासाठी जीवघेणं असू शकतं. नव्या टाकीतल्या बहुतेक चाचण्या या जिवाणूंचं काम कुठवर आलं हे कळावं म्हणून करायच्या असतात. हे विसरून कोणी आठ-दहा बाटल्यांचा संच आणतो, रोज सगळं मोजतो आणि प्रत्येक आकडा ‘दुरुस्त’ करायला काहीतरी ओततो, तेव्हा टाकीचं नुकसान होतं.

पहिली चाचणी मीठ घालण्याआधीची असते, आणि तीच सर्रास राहून जाते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात जडपणा असतो, शेतीच्या पट्ट्यात नायट्रेटही असू शकतं. म्हणून आरओ आणि त्यापुढे आयन काढून टाकणारं रेझिन असं दुहेरी शुद्धीकरण वापरतात. घरात पिण्याच्या पाण्याचं आरओ यंत्र आहे, तेवढं पुरेल असं अनेकांना वाटतं. पण त्यातल्या अनेक यंत्रांमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळण्याची सोय असते, किंवा खनिजं घालणारा कप्पा असतो. पिण्यासाठी ते चांगलं, टाकीसाठी नाही. पाण्यात विरघळलेले घटक मोजणारा, काही शे रुपयांचा टीडीएस मीटर हे लगेच दाखवतो. रेझिनमधून आलेल्या पाण्याचा आकडा शून्य किंवा एक असायला हवा. तो वर सरकू लागला की रेझिन बदलायची वेळ झाली.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना प्रश्न पडतो, समुद्र दारात असताना मीठ विकत का घ्यायचं? जुहू किंवा गिरगावच्या चौपाटीचं पाणी आणायचंच नाही, कारण शहराचं सांडपाणी तिथेच जवळ मिसळतं. कोकणातल्या स्वच्छ किनाऱ्यावरही पावसाळ्यात नद्या-ओढ्यांच्या गोड्या पाण्याने किनाऱ्यालगतची क्षारता घसरते. त्या पाण्याची क्षारता दर खेपेला मोजावी लागते, ते गाळावं आणि साठवून निवळू द्यावं लागतं. मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पहिल्यांदा पाहिले ते मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. सार्वजनिक मत्स्यालयाकडे पाण्यावर लक्ष ठेवायला माणसं असतात. घरच्या शंभर लिटरच्या टाकीला पाणी जितकं एकसारखं मिळेल तितकं बरं, म्हणून मीठ विकतचंच घ्यावं.

क्षारता मोजण्याचं साधन स्वस्त असलं की ते फसवं असण्याची शक्यता जास्त. प्लास्टिकचा काटा वरखाली होणाऱ्या हायड्रोमीटरवर हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चढतो. रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा, पण बाजारात मिळणारे अनेक रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात. समुद्राच्या पाण्यात मीठ एकटं नसतं, त्यामुळे तिथे दर हजारी दीडेक भागाची चूक सहज पडते. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं म्हणजे पस्तीसवरही बरोबर दाखवेल असं नाही. त्यासाठी दर हजारी ३५ भाग क्षारतेचं प्रमाणित द्रावण मिळतं, साधन त्यावर जुळवून घ्यावं. समुद्राची सरासरी क्षारता हीच, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६.

एकदा जुळलेली क्षारता तशीच राहत नाही. बाष्पीभवनात पाणी उडून जातं, मीठ मागे उरतं. शंभर लिटरमधलं पाच लिटर उडालं तर ३५ चे जवळपास ३७ होतात. मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या हवेत एवढं व्हायला फार दिवस लागत नाहीत. जुलैत रत्नागिरीच्या दमट हवेत तीच टाकी संथपणे आटते. भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याचीच. दर वेळी खारं पाणी ओतणाऱ्याची टाकी महिन्याभरात समुद्राहून खारट झालेली असते. तापमानाचंही असंच आहे. २४ ते २७ अंश हा बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना मानवणारा पट्टा, आणि आपल्याकडचा उन्हाळा तो सहज ओलांडतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. जिवाणूंना त्यातलाच लागतो: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त. म्हणून मासे नसलेल्या टाकीतही पंप आणि पृष्ठभागाची खळबळ चालू ठेवायची असते.

आता अमोनिया. नव्या टाकीच्या पहिल्या महिन्यातली सगळ्यात महत्त्वाची चाचणी हीच.

या विषयाचा इतिहास एका घराण्यातून गेलेला आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधलेली टाकी मांडून दाखवली. तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. वनस्पती प्राणवायू देतात, मासे कार्बन डायऑक्साइड देतात आणि पाणी टिकतं, असा त्या काळचा समज. नायट्रोजनचा हिशेब त्यात नव्हता. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी सांडपाणी वाळूतून झिरपवून दाखवून दिलं की अमोनियाचं नायट्रेट जिवंत सूक्ष्मजीव करतात. इंग्लंडमध्ये हे काम पुढे नेणाऱ्यांत होता वॉरिंग्टनचाच मुलगा. त्याचंही नाव रॉबर्ट, आणि तो रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीचा अभ्यास करत होता. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट या दोन पायऱ्या असून त्यांचे जीव वेगळे आहेत, हे त्याने ओळखलं. ते जीव वेगळे काढण्यात यश आलं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांना, १८९० च्या सुमारास. बापाच्या टाकीत जे घडत होतं आणि दिसत नव्हतं, त्याचा माग मुलाने शेतातल्या मातीत काढला.

पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत दोनच नावं राहिली: नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. मग टाक्यांनीच ती दुरुस्त केली. संशोधक टिमथी होव्हानेक यांनी १९९८ साली दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोबॅक्टर नव्हे, तर नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात. २००५ साली तर सिअॅटल मत्स्यालयातल्या उष्णकटिबंधीय सागरी टाकीच्या खडीतून जिवाणूंहून वेगळ्या कुळातला, आर्किया गटातला एक जीव वेगळा काढण्यात आला, आणि तो अमोनियावर जगत होता. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. पुढे समुद्रातला अमोनिया पचवणाऱ्यांत याचे भाऊबंद अफाट संख्येने आहेत असं दिसून आलं. बाटलीतले जिवाणू विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. बाटलीने सुरुवात लवकर होऊ शकते, पण टाकीत शेवटी कोण वस्ती करेल ते टाकीच ठरवते. शिवाय बाटली उन्हात पडलेल्या गोदामातून आली असेल तर आत जिवंत किती असतील, याची खात्री लेबल देत नाही. अमोनियाची चाचणी देते.

हे जीव सावकाश वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना बारा-पंधरा तास किंवा त्याहून जास्त लागतात. त्यामुळे तीन ते सहा आठवडे हा नव्या टाकीचा नेहमीचा काळ. पूर्वी या काळात एखादा काटक डॅमसेल मासा टाकून त्याच्या विष्ठेवर जिवाणू वाढवत. मासा जगला तर भाजलेले कल्ले घेऊन जगे. ही पद्धत क्रूर आहे आणि तिची गरज उरलेली नाही. कच्च्या कोळंबीचा तुकडा सडवण्याची पद्धतही चालते, पण त्यातून अमोनिया किती आणि कधी निघेल याचा हिशेब लागत नाही. सगळ्यात स्वच्छ मार्ग अमोनियम क्लोराइडचा, म्हणजे कल्हईला लागणाऱ्या नवसागराचा. फक्त बाजारातला नवसागर अशुद्ध असतो, टाकीसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्यावा. शंभर लिटरला सुमारे पाऊण ग्रॅम घातला की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन होतं. तेवढं घालायचं आणि आकडा उतरण्याची वाट पाहायची. त्याहून जास्त घातल्याने काम लवकर होत नाही.

आकडा वाचताना दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून शरीरात शिरतो आणि मारतो, आणि अमोनियम, ज्याचा त्रास पुष्कळ कमी. कोण किती हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. गोड्या पाण्याच्या सात सामूला मुक्त अमोनिया शंभरात साधारण अर्धा भागच असतो. समुद्राच्या आठाच्या वरच्या सामूला तो पाच ते आठ भागांपर्यंत जातो. गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं मासे पाळलेला माणूस पहिल्याच सागरी टाकीत मासे गमावतो त्यामागे बऱ्याचदा हे गणित असतं. चाचणीत दिसणारा आकडा तोच, विष दहापटीने जास्त.

दुसरी गोष्ट, संच नेमकं काय मोजतो. हिरवा रंग देणारे सॅलिसिलेट पद्धतीचे संच दोन्ही रूपांची बेरीज दाखवतात. पिवळा रंग देणारी जुनी नेस्लर पद्धत पाऱ्याची. खाऱ्या पाण्यात ती गढूळ होते आणि अमोनिया बांधून ठेवणारी औषधं घातली असतील तर खोटा आकडा देते. टाकीत चिकटवायच्या काही पट्ट्या फक्त मुक्त अमोनिया दाखवतात, म्हणून त्यांचा आणि बाटलीच्या संचाचा आकडा कधीच जुळणार नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आणि रंग नेहमी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघावा. पिवळ्या दिव्याखाली शून्याची नळीही हिरवट दिसते. त्या एका छटेपायी कित्येक जण आठवडाभर अकारण पाणी बदलत राहतात.

अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढतो. गोड्या पाण्यात हा मोठा शत्रू: तो रक्तात शिरून प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतो. सागरी माशांच्या बाबतीत मात्र ही भीती बरीच कमी करता येते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे एकोणीस ग्रॅम क्लोराइड असतं आणि कल्ल्यांच्या ज्या वाटेने नायट्राइट आत जाणार ती वाट हे क्लोराइड अडवून ठेवतं. सागरी टाक्यांच्या रसायनशास्त्रावर विपुल लिहिणारे रँडी होम्स-फार्ली यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे. तरीही पहिल्या काही आठवड्यांत नायट्राइट मोजावा, कारण दुसऱ्या पायरीचे जीव आले की नाहीत हे त्यावरून कळतं आणि नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हेही.

नायट्रेटच्या चाचणीत नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. घरगुती संच नायट्रेट थेट मोजत नाहीत. त्यातलं रसायन नायट्रेटच्या काही भागाचं नायट्राइट करतं, आणि मग ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियेने आलेला गुलाबी किंवा लाल रंग वाचला जातो. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तो संपूर्ण मोजला जातो आणि नायट्रेटच्या खात्यावर कित्येक पटींनी चढतो. तिसऱ्या आठवड्यात नायट्रेट शंभरावर गेल्याचं पाहून घाबरलेल्या माणसाच्या टाकीत खरं नायट्रेट दहाही नसू शकतं. नायट्राइट शून्याजवळ येईपर्यंत नायट्रेट मोजूच नये. मोजायला लागल्यावर बाटली जोरात हलवावी. काही संचांतल्या दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं, सूचनेत लिहिलेलं अर्धा मिनिट हलवणं टाळलं तर आकडा खोटा कमी येतो. एककंही तपासावं. काही साधनं नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात, त्याला ४.४३ ने गुणल्यावर नायट्रेट मिळतं. दहा आणि चव्वेचाळीस यांत टाकीच्या दृष्टीने फार अंतर आहे.

अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, नव्या टाकीत दुर्लक्षित राहते. समुद्रात ती जर्मन मापाने साधारण सात अंश असते, प्रवाळ पाळणारे सात ते अकराच्या मध्ये ठेवतात. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. लिटरमागे एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पूर्ण पचलं की सुमारे ०.४ अंश खर्च होतो. पुन्हा पुन्हा अमोनिया घालणाऱ्याची अल्कलिनिटी महिन्याभरात दोन-तीन अंशांनी खाली आलेली असू शकते, आणि मग जिवाणूच मंदावतात.

सामू घसरला की मात्र आधी खोलीकडे बघावं. एसीसाठी दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्यात उतरतो. पेलाभर पाणी गॅलरीत नेऊन तासभर हवेचा बुडबुडा सोडावा. सामू वर आला तर दोष हवेचा, अल्कलिनिटी ठीक आहे. खिडकी उघडणं हाच उपाय, सामू वाढवणारी पावडर ओतण्याचं कारण नाही. रात्री सामू थोडा खाली आणि दुपारी वर असतो, म्हणून रोज ठरलेल्या वेळीच मोजावा.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियमसाठी पहिल्या महिन्यात खर्च करू नये. प्रवाळ नसेल तर ते वापरणारं फारसं कोणी नाही. फॉस्फेट दुसऱ्या महिन्यापासून बघावं. दरम्यान वाळूवर तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ येतं. बहुतेक नव्या टाक्यांत हे घडतं आणि तपकिरी थर सहसा आपोआप ओसरतो. त्याला घाबरून नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेण्याचा अट्टहास उलटतो, कारण अशा ओसाड पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, त्रासदायक जीव माजतात. तांबं मात्र पहिल्यापासून शून्य हवं. जुन्या टाकीत कधी तांब्याचं औषध वापरलं असेल, तर ती टाकी कोळंबी-खेकड्यांसाठी घेऊ नये. नमुना प्रयोगशाळेत पाठवून डझनावारी मूलद्रव्यं मोजून घेण्याची सोयही झाली आहे, पण त्या अहवालात अमोनिया येत नाही. नव्या टाकीला त्याचा उपयोग थोडा.

संचांचीही परीक्षा घ्यावी. बाटलीवरची मुदत बघावी, उघडल्याची तारीख लिहावी, नळी आधी त्याच टाकीच्या पाण्याने विसळावी. शंका आली तर ठाऊक प्रमाणाचं द्रावण मोजावं. दुसऱ्या कंपनीच्या संचाशी तुलना केली तर दोन आकडे मिळतात, खरा कुठला ते कळत नाही. नव्या टाकीत एकट्या आकड्यापेक्षा आठवड्याची चाल जास्त सांगते. अमोनिया चढून उतरला, मागोमाग नायट्राइट चढून उतरला, एवढं वहीत दिसलं की पाणी तयार होत आहे.

दगड आणि जीव कुठून येतात हेही याच प्रश्नाचा भाग आहे. परदेशांत समुद्रातला जिवंत दगड आणून टाकी लवकर स्थिर करण्याची पद्धत रूढ आहे. भारतात प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, समुद्रघोडेही. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातून प्रवाळाचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. कोरडा दगड आणि सहा आठवड्यांचा धीर ही इथली योग्य वाट. मासेही समुद्रातून पकडलेले घेण्याची गरज कमी होत चालली आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात यशस्वी केली आहे, त्यामुळे पैदास केलेली पिल्लं मागणं शक्य आहे.

टाकी तयार झाली हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया घातला आणि चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आले, तर मोठं पाणी बदलून एक-दोन मासे आणावेत आणि पुढचा आठवडा रोज अमोनिया मोजावा. ज्यांना खाऱ्या पाण्याची टाकी लावायची आहे, त्यांनी दुकानात मासा पसंत करण्याआधी रिफ्रॅक्टोमीटर, प्रमाणित द्रावण आणि अमोनिया, नायट्राइट, अल्कलिनिटी यांचे संच घ्यावेत. दुकानदार पहिल्याच दिवशी टाकीबरोबर मासेही देऊ लागला, तर त्याला नाही म्हणावं आणि सहा आठवड्यांनी या असं सांगणारं दुकान शोधावं.